तांबड्या रक्तपेशींची घडण व शिक्षकांचे कर्तव्य

(मिरज येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मिरज तालुक्यातील कोणत्याही खेड्यातील शाळेत जावे, तेथे निदान एक मूल असे आढळते की, जे तिसऱ्या तासाला मान टाकते. कवायतीत त्याला लवकर धाप लागते, काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही. शाळेच्या बोलीत त्याला 'आळशी' म्हणतात, कधी 'मठ्ठ' म्हणतात. पुष्कळ वेळा हा शिक्का अन्यायाचा असतो. दोष मुलाच्या स्वभावात नसतो, त्याच्या रक्तात असतो. असा निवाडा करण्यापूर्वी रक्त कसे घडते हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

रक्ताचा तांबडा रंग त्यातील तांबड्या पेशींचा होय. एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी सुमारे ४५ ते ५० लाख असतात. प्रत्येक पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यभागी चेपलेली एक चिमुकली चकती. तिच्यात हीमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य भरलेले असते. फुप्फुसातील प्राणवायू उचलावा आणि मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत पोचवावा, हे तिचे काम. या पेशीचे आयुष्य अवघे १२० दिवसांचे. म्हणून प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे २० हजार कोटी, म्हणजे दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात.

हे काम हाडांच्या पोकळीतील तांबड्या मज्जेत चालते. गर्भावस्थेत काही काळ यकृत आणि प्लीहा हे काम करतात. लहान मुलाच्या बहुतेक सर्व हाडांत ते चालू असते. मोठेपणी ते मुख्यतः पाठीचे मणके, छातीचे हाड, बरगड्या व कमरेची हाडे यांत उरते. मज्जेतील मूळ पेशी पुनःपुन्हा दुभंगते, तिच्यात हीमोग्लोबिन साठत जाते, शेवटी ती आपले केंद्रकही बाहेर टाकते आणि सुमारे आठवड्याभरात प्रवासाला निघते. किती पेशी हव्यात याचा हुकूम मूत्रपिंडाकडून येतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य सोडते आणि मज्जा कामाचा वेग वाढविते. हिमालयाच्या उंचीवर राहावयास गेलेल्या माणसाच्या रक्तात या पेशी वाढतात, त्या यामुळेच.

कारखाना चांगला आणि हुकूमही वेळेवर, परंतु कच्चा मालच नसेल तर काय होणार? या पेशींना लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ जीवनसत्त्व व प्रथिने लागतात. लोहाच्या बाबतीत शरीर सोनाराप्रमाणे वागते. जुना दागिना मोडून त्याच सोन्याचा नवा घडवावा, तसे जुन्या पेशींतील २० ते २५ मिलिग्रॅम लोह दररोज पुन्हा कामी लावले जाते. अन्नातून शरीरात मुरते ते केवळ १ ते २ मिलिग्रॅम. आवक इतकी बेताची असल्यामुळे रोजची थोडी गळतीही काही महिन्यांत साठा रिकामा करते. वाढत्या वयाची मुले व ऋतुप्राप्त मुली यांना ही तूट प्रथम जाणवते.

तूट कोणत्या मालाची आहे, यावर पेशीचे रूप ठरते. लोह नसेल तर पेशी लहान व फिकट होतात. फॉलिक आम्ल किंवा ब-१२ नसेल तर पेशींचे दुभंगणे अडते, म्हणून त्या थोड्या व अवाजवी मोठ्या निपजतात. या दुसऱ्या प्रकाराचा उलगडा होण्यास मुंबईतील कामगार स्त्रिया कारण झाल्या. १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतील गरीब गर्भवती स्त्रियांचा पांडुरोग त्यांनी अभ्यासिला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. पुढे १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. आज शाळेत दिल्या जाणाऱ्या गोळीत लोहाच्या जोडीला तेच असते.

रक्त कमी होण्याची दुसरी वाट गळतीची. ओलसर, सावलीच्या जमिनीत शौचास बसण्याची सवय असेल, तर तेथे अंकुशकृमीच्या अळ्या वाढतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, आतड्यास चिकटून बसतात आणि रक्त शोषतात. पाणभरत्या मळ्यात अनवाणी वावरणाऱ्या मुलाला हा धोका अधिक.

तिसरी वाट पेशींच्या अकाली नाशाची. हिवतापाचे जंतू तांबड्या पेशी फोडतात. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक विकारात पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बहुधा १० ते २० दिवसांतच संपतात. मज्जा कितीही राबली तरी भरपाई होत नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात मज्जा सुदृढ असूनही हुकूम पोचत नाही. तात्पर्य, प्रत्येक फिकट मुलाला लोहाची गोळी पुरेशी पडेल असे नाही. निदान डॉक्टरांनीच करावयाचे.

शिक्षकाचे काम ओळखण्याचे व पाठविण्याचे. खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखे फिकट दिसली, तर पालकांस बोलावून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पुढील उपचाराची सोय मिरजेसारख्या ठिकाणी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उघडले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. दुरून लोक उपचारास येथे येतात. मग जवळच्या खेड्यातील मूल केवळ कोणी पाहिले नाही म्हणून मागे राहावे, हे शोभणारे नाही.

आठवड्याची गोळी, पहिली ते पाचवीस गुलाबी व पुढील वर्गांस निळी, जेवणानंतर आपल्या समक्ष घ्यावयास लावावी. उपाशीपोटी दिल्यास मळमळते, आणि एका मुलाच्या मळमळीने साऱ्या गावाचा विश्वास उडतो. गोळीमुळे शौचास काळे होते, हे पालकांस आधीच सांगावे. जंताची गोळी ठरल्या दिवशी चुकवू नये. भाकरीबरोबर पालेभाजी, वर लिंबाची फोड किंवा आवळा असावा. त्याने लोह चांगले मुरते. जेवणालगतचा चहा मात्र त्यास अडथळा करतो.

फिकट मूल स्वतःहून तक्रार करीत नाही. थकवा हीच आपली प्रकृती असे ते समजून चालते. हजेरीपट घेताना प्रत्येक नावाबरोबर एकदा त्या मुलाच्या तोंडाकडेही पाहावे, एवढीच विनंती.