उमेदवारी आणि पाठीराखा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले साधे शाळामास्तर. विद्वत्तेचा आव आणणार नाही. 'उमेदवार' म्हटले की हल्ली निवडणूक आठवते. परंतु फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'उमेद धरून असलेला' असा आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळी दुकानात वा कचेरीत अल्प वेतनावर, कधी बिनपगारी, काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. त्या उमेदवारीविषयी आज बोलावयाचे आहे. कारण ती देणारेही या सभेत आहेत आणि ती मागणाऱ्या मुलांचे आईबापही आहेत.

उमेदवारीस कायद्याचा आधार नाही असे नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 साली झाला. 2016 पासून राष्ट्रीय योजनेखाली उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा 1500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासन सोसू लागले. 2024 साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी झालेल्यास 6000, आय.टी.आय. वा पदविकाधारकास 8000 आणि पदवीधरास 10000 रुपये दरमहा ठरले. मुदत प्रथम सहा महिन्यांची होती, ती 2025 मध्ये अकरा महिन्यांची झाली. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे, असे बंधन 1961 च्या कायद्याने मालकावर घातलेले नाही. 'पुढे काय?' हा प्रश्न नव्या योजनेतील प्रशिक्षणार्थींनी 2025 मध्ये आंदोलने करून विचारला. पैशाची तरतूद झाली, पण माणसाची झाली नाही, असे आम्हांस वाटते.

मालकवर्गाचे म्हणणे काय, हे जाणून घेण्यासाठी आम्ही आमच्या परिचयाच्या दुकानदारांकडे आणि कारखानदारांकडे जाऊन बसलो. एक म्हणाले, "पहिले दोन महिने मुलगा काम करीत नाही, काम वाढवितो. माल बिघडतो, कारागिराचा वेळ जातो." दुसरे म्हणाले, "शिकून तयार झाला की पुण्याची वाट धरतो." तिसऱ्यांनी मन मोकळे केले, "गुरुजी, वेतन शासनाचे असले म्हणजे आम्ही त्याला रागावत नाही, आणि खरे सांगायचे तर शिकवीतही नाही. आमचे काही जात नाही, तेव्हा आमचे लक्षही जात नाही." चौथ्यांचे म्हणणे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते म्हणाले, "भाचा कामावर आला नाही तर मी त्याच्या आईला विचारतो. हा परका मुलगा आला नाही तर कोणाला विचारू?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका चुकीने शिकविले आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून गेलेला, अठरा वर्षांचा एक मुलगा आम्ही शब्द टाकून एका दुकानी ठेविला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. मुलगा हुशार, हाताचा स्वच्छ. भाद्रपदात तो लागला आणि दिवाळीच्या सुमारास दिसेनासा झाला. मालक म्हणाले, "गुरुजी, तुमचा पोरगा टिकला नाही." आम्हीही मनात त्यालाच दोष दिला आणि चौकशी केली नाही. पुढे उन्हाळ्यात तो भेटला तेव्हा उलगडा झाला. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेले आईबाप टोळीबरोबर कारखान्यावर गेले. गावच्या घरास कुलूप लागले. रात्री निजावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे, हे मालकास सांगण्याची त्याला लाज वाटली. तो निमूटपणे कोयत्यावर गेला. मालक वाईट नव्हते. त्यांच्या दुकानामागे एक खोली रिकामीच होती. त्या दोघांमध्ये एक वाक्य बोलणारा कोणी नव्हता. बोलावयास हवे होते आम्ही, आणि आम्ही शब्द टाकून घरी स्वस्थ बसलो होतो.

बंधूंनो, आपला भाचा मामाच्या दुकानी टिकतो तो काही अधिक गुणी असतो म्हणून नव्हे. त्याच्या चुकीवर पांघरूण घालणारी मामी असते, कान पिळणारा मामा असतो, दोन्ही घरी निरोप नेणारी आजी असते. नातेवाईकांचे हे पाठबळ इतके अंगवळणी पडले आहे की आपणांस ते दिसतच नाही. ज्याच्या नात्यात एकही दुकान नाही, त्याला मात्र आपण एकट्याला उभे करितो आणि सहा महिन्यांत 'टिकला नाही' असा निकाल देतो. ही परीक्षा सारखी नव्हे.

अमेरिकेत 1986 सालीच, तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी, पुनर्वसनाच्या कायद्यात साहाय्यासह नोकरीची तरतूद झाली. तेथे कामाच्या जागी उमेदवाराबरोबर राहून त्यास शिकविणारा आणि मालकाशी बोलणारा मनुष्य असतो. त्यास 'जॉब कोच' म्हणतात. आम्ही त्यास पाठीराखा म्हणू. आपल्याकडे 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना मंजूर झाली, ती शिकणाऱ्या मुलांसाठी. दुकानी उमेदवारी करणाऱ्याची चिंता आपणच वाहिली पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. संस्थेने प्रत्येक उमेदवारामागे एक पाठीराखा नेमावा. त्याने दर आठवड्यास दुकानी जाऊन मालक व मुलगा या दोघांचेही ऐकून घ्यावे. आरंभीच चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: काय शिकवावयाचे, वेतन किती व कोण देणार, ऊसतोडीच्या हंगामात राहण्या-जेवण्याची सोय काय, आणि मुदतीअखेर ठेवणार की नाही हे कोणत्या तारखेस सांगणार. 'नाही' म्हणावयाचे असल्यास मालकाने कारण सांगावे आणि जे काम आले त्याचा दाखला द्यावा. मालकाचा वेळ जातो हे खरे आहे. पाठीराख्याने तो भार निम्मा उचलावा.

आणखी एक बोलतो. काहींस ते रुचणार नाही. ही सोय केवळ ज्ञातीतील मुलांपुरती ठेवू नये. आपल्या मुलांस मामा आहेत. ज्यांस कोणी नाही, त्यांचा, मग ते कोणत्याही जातीचे असोत, हक्क पहिला आहे. ज्ञातीची प्रतिष्ठा तिच्या स्मरणिकेच्या जाडीवर नव्हे, तिच्या दारात कोण उभे राहू शकतो यावर ठरते.

आम्ही स्वतः निवृत्त आहोत, पाय अद्याप चालतात. बीड शहरातील पहिल्या दोन उमेदवारांचे पाठीराखेपण आम्ही पत्करतो. आता दोन मालकांनी हात वर करावेत, एवढीच विनंती करून आम्ही खाली बसतो.