महापौर म्हणजे पंतप्रधान नव्हे



तौलनिक राज्यशास्त्रात संसदीय शासनपद्धतीचा एक ठरीव नमुना असतो. मतदार प्रतिनिधी निवडतात, प्रतिनिधी नेता निवडतात आणि तो नेता सभागृहाला उत्तरदायी राहतो. हा नमुना व्यवहारात कशासाठी उपयोगी पडतो, हे पाहण्यासाठी लंडनला जाण्याची आवश्यकता नाही. भिवंडी पुरेशी आहे.

२०१७ च्या निवडणुकीत भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या ९० पैकी ४७ जागा काँग्रेसला मिळाल्या. बहुमत स्पष्ट होते. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपद गेले ते अवघे चार नगरसेवक निवडून आलेल्या कोणार्क विकास आघाडीकडे. कारण काँग्रेसचे १८ नगरसेवक फुटले.

अशा वेळी एक उपाय हमखास सुचविला जातो : प्रमुख थेट जनतेनेच निवडावा. महाराष्ट्राने नगराध्यक्षांच्या बाबतीत २०१६ साली तो अवलंबिला, पुढे रद्द केला आणि २०२२ मध्ये पुन्हा आणला. इस्रायलने १९९६ पासून पंतप्रधानच थेट निवडून पाहिला. मतदारांनी एक मत नेत्याला आणि दुसरे आपापल्या लहान पक्षाला दिले. संसद अधिकच विखुरली आणि २००१ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. जर्मनीची वाट वेगळी. तेथे पर्यायी नेता बहुमताने निवडल्याखेरीज चॅन्सेलरला अविश्वासाने हटविता येत नाही. १९८२ साली श्मिट गेले आणि कोल आले, ते असेच.

यांतील कोणता धडा भिवंडीला लागू पडतो? येथेच नमुन्याचा खरा उपयोग आहे. तो प्रथम विचारतो, कार्यकारी सत्ता कोणाकडे? महापालिका अधिनियमानुसार ती महापौरांकडे नाही. राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितात. रस्ते, पाणी, कचरा यांची अंमलबजावणी आयुक्त करतात. रूप संसदीय, गाभा मात्र प्रशासकीय! तेव्हा महापौर फाटाफुटीतून आले काय अथवा थेट मतदानाने आले काय, अधिकार आणि उत्तरदायित्व यांची ताटातूट कायमच राहते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते की, स्थैर्य आणि उत्तरदायित्व ही दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही. आणि घटनेच्या मसुद्याने उत्तरदायित्वाला अधिक महत्त्व दिले आहे. शहराच्या कारभारालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ‘महापौर कोणाचा?’ यावर भिवंडीच्या चौकाचौकांत चर्चा रंगते. ‘महापौरांच्या हाती काय?’ हा प्रश्न जागरूक नागरिकांनी त्याआधी विचारला पाहिजे.