सरदारवाड्यातून बाहेर पडलेले गाणे

(वसई येथे होळी भागात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या होळीपासून वसईचा किल्ला दूर नाही. 1802 साली दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. त्याच सुमारास बडोद्याचे गायकवाडही त्या छत्राखाली गेले. लढाया संपल्या, सरदारकी उरली. या रिकाम्या वर्गाच्या वाड्यांत गाणे हा प्रतिष्ठेचा दागिना झाला आणि गवई हा पगारी आश्रित. सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या राज्यातही गवयांच्या खात्याचे नाव ‘कलावंत कारखाना’ असे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरान्याचा तरुण गवई अब्दुल करीम खाँ या दरबारी आला. राजघराण्याशी नाते असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याजवळ गाणे शिकू लागली. दोघांचे प्रेम जडले. गाणे ज्या घरांना हवे होते, त्यांना गवई जावई म्हणून नको होता. धर्माची भिंत होतीच; मालक-नोकराची भिंतही तितकीच जाड होती. दोघे बडोदे सोडून मुंबईस आले.

येथेच थांबले तर ही केवळ नाटकातली कथा ठरेल. खाँसाहेबांची पहिली पत्नी गफूरन, अब्दुल वहीद खाँ यांची बहीण, मागे राहिली. त्या बंडाची किंमत तिनेही मोजली. मैफलींच्या आठवणींत तिचे नाव क्वचितच येते. पुढे 1922 साली ताराबाईही पाच मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. अब्दुल रेहमान सुरेशबाबू माने झाला, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाली, सकीना सरस्वती झाली. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत हिराबाई होत्या. सरदाराच्या बैठकीतले गाणे तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसासमोर आले, आणि गाणारी बाई स्वतःच्या मिळकतीवर उभी राहिली.

सरंजामशाही वाडा सोडल्याने संपत नाही. ती पुरुषाच्या पाठोपाठ नव्या बिऱ्हाडातही शिरते. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांचा पुरस्कार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी लग्नाच्या दिवशी हार घालून परतू नये. पंधरा वर्षांनी त्या घरात बाईच्या हाती काय उरले, हेही जाऊन विचारावे.