दोघांचं सूप, एकाचं नाव

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित प्रत. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.

आज जायचं आहे चिचगडकडे. गोंदिया जिल्हा, देवरी तालुका. देवरी मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे, रात्रंदिवस ट्रक. तो रस्ता सोडून आत चिचगडच्या बाजूला वळलं की जंगल सुरू होतं, आणि पुढे गडचिरोलीचा कोरची तालुका लागतो. हा सगळा धानाचा मुलूख. आणि धान आलं की सूप आलं, टोपली आली, धान साठवायची ढोली आली. म्हणजेच बुरूडाचं घर आलं.

बुरूडकामाबद्दल बोलताना आपण नेहमी "कारागीर" असा एकवचनी शब्द वापरतो. प्रत्यक्षात तिथे जवळजवळ नेहमी दोन माणसं असतात, नवरा आणि बायको. सकाळी अशा घरी गेलात तर तो अंगणात बांबू फोडताना दिसेल. बांबू ओला हवा, वाळलेला नीट फुटत नाही. आधी उभे दोन भाग, मग चार, मग आठ, मग पाठ वेगळी आणि पोट वेगळं. पाठ म्हणजे बाहेरची हिरवी साल, ती चिवट. पोट आतलं, ते मऊ पण लवकर तुटणारं. कुठली पट्टी कुठे लावायची यावर सूप किती वर्षं टिकेल ते ठरतं. पट्टी जाड राहिली तर विणताना वळत नाही, आणि फार पातळ झाली तर धान पाखडताना सूप लचकतं. हे सगळं बोटांनी मोजायचं, फूटपट्टी नाही की काही नाही.

शेजारी ती बसलेली असते. विणकाम बहुतेक तिचं. मधे चूल, मधे पोरांचं आवरणं, मधे पाणी, आणि परत तेच सूप हातात. पट्टीच्या धारेनं बोटं कापतात, त्यावर चिंधी बांधून काम चालू. काठ बांधणं सगळ्यात कठीण. कित्येक घरांत ते दोघं मिळून करतात: एक दाबून धरतो, दुसरा आवळतो. विकत घेणारी बाई पुढे घरी नेऊन ते शेणानं सारवते, मग त्याच्या फटी बुजतात. ते काम मात्र गिऱ्हाईकाचं.

आता बाजार. आठवडी बाजारात बहुतेक हाच संवाद होतो.

"सूप केवढ्याचं जी?"

"दीडशे."

"शंभरात द्या न. घरीच त बनवता, तुम्हाला का पडते?"

हे "घरीच त बनवता" मला फार खुपतं. घरी केलं म्हणजे फुकट झालं, असा हिशोब. आपण जरा खरा हिशोब मांडू, उदाहरणापुरता. धरा, दोघांनी मिळून दिवसाला तीन सुपं केली. दीडशेप्रमाणे साडेचारशे झाले. बांबू आणि गाडीभाडं मिळून शंभर वजा करा. उरले साडेतीनशे. हे दोघांचे! एकाच्या वाट्याला पावणेदोनशे. आता रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर बघा: दिवसाला 312 रुपये, आणि तोही माणशी. नवरा-बायको दोघं मातीकामाला गेली तर हजेरीपटावर दोन नावं लागतात आणि 624 रुपये होतात. म्हणजे ज्याला शिकायला निम्मं आयुष्य जातं त्या कामात पैसे कमी, आणि पाटी उचलण्यात जास्त. पाटी उचलणं हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान दोघं मोजले जातात.

आणि आता सरकारी कागदाकडे येतो, कारण हा भाग मुळात त्यासाठी केला. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, टोपली-चटई-झाडू करणारेही आहेत. प्रशिक्षण, प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय 5 टक्के व्याजानं दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत कर्ज. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण अट अशी की एका कुटुंबातून एकालाच नोंदणी. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

मग नाव कोणाचं लावायचं? फोडणाऱ्याचं की विणणारीचं?

नाभिकाच्या दुकानात ही अट मला समजते. तिथे एक खुर्ची, एक कारागीर. बुरूडकामात मात्र एका छपराखाली दोन वेगळे हुन्नर आहेत. प्रशिक्षणाला तो गेला आणि नवीन विणकाम शिकवलं, तर घरी येऊन तो काय सांगणार? आणि उद्या त्यानं कंटाळून नागपूर नाहीतर रायपूरची वाट धरली, तर कार्ड त्याचं, बँकेतली पत त्याची, आणि घरी राहिलेलीजवळ काय? बोटांवरच्या चिंध्या. माझं मत विचाराल तर, एकच नाव लावायचं असेल तर आज तिचं लावा. पण खरी मागणी दोन नावांची हवी.

बांबूचं तर वेगळंच. 1927 च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं. एप्रिल 2011 मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं आणि गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. मोठी गोष्ट! पण तो हक्क ग्रामसभेचा. जंगलाची मालकी नसलेल्या गावातल्या बुरूडाला अजून डेपोतल्या निस्ताराच्या बांबूवरच बसावं लागतं. तिथेही नोंद बहुधा घरच्या पुरुषाची.

जोडप्यांबद्दल बोलतोय तर मेळघाटातलं लवादा सांगायला हवं. धारणी तालुक्यात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी तिथे संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, आदिवासी तरुणांना शिकवलं, बांबूची घरं, फर्निचर, राख्या बनवल्या. 2021 मध्ये सुनीलभाऊ कोरोनानं गेले. त्या कामाचं नाव घेताना लोक आजही दोघांचं घेतात. चिचगडच्या बाजारात बसणाऱ्यांना ते कोण देणार?

पावसाळ्यात जंगलात वास्ते फुटतात, बांबूतोड बंद असते. म्हणून आधीच बांबू आणून ठेवावा लागतो, त्याला पैसा लागतो, आणि तेव्हाच घरात तो नसतो. कर्जाचा खरा उपयोग इथे आहे.

तुमच्या ओळखीत अशा एखाद्या घरानं बायकोच्या नावानं नोंदणी केली असेल, किंवा दोघांच्या नावांसाठी अर्ज करून पाहिला असेल, तर काय उत्तर मिळालं ते आम्हाला आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. पुढच्या भागात तेच ऐकवीन.