धातुशोधक यंत्राचे मौन आणि त्याच्या कॉइलची निगा
(भाषणाचा मजकूर)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही तीरांवर माणसांचा महापूर लोटतो. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, सौंसरजवळील जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला मध्य प्रदेशातून व विदर्भातून भाविक येतात. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील हे दोन्ही प्रसंग जनतेच्या श्रद्धेचे आहेत, तसेच ते शासनाच्या जबाबदारीचेही आहेत. जेथे हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तेथे कोणी शस्त्र घेऊन शिरू नये, एवढी अपेक्षा प्रत्येक कुटुंबाची असते. या कामी आज सर्वत्र धातुशोधक यंत्राचे साहाय्य घेतले जाते. कोठे ते दारासारख्या चौकटीच्या रूपाने उभे असते, कोठे पहारेकऱ्याच्या हातातील दांडीच्या रूपाने, तर कोठे जमिनीत दडलेली वस्तू हुडकणाऱ्या गोल चकतीच्या रूपाने.

रूपे निराळी असली तरी या तिन्हींचा प्राण एकच. तो म्हणजे यंत्रातील तारेचे वेटोळे, ज्याला कारागीर कॉइल म्हणतात. या कॉइलची झीज कशी होते, ती निकामी कशी होते आणि तिची निगा कशी राखावी, हा आजचा विषय आहे.

या भागातील संत्रा-बागायतदाराला कॉइल ही वस्तू नवीन नाही. विहिरीवरील पंपाची मोटर जळली की ती रिवाइंडिंगला न्यावी लागते, हे त्याला चांगले ठाऊक आहे. परंतु मोटर बिघडते तेव्हा पाणी बंद पडते, जळका वास येतो, आणि बिघाड लपत नाही. धातुशोधक यंत्राच्या कॉइलचे तसे नाही. समोर धातू नसेल तर यंत्र गप्प राहते. कॉइल निकामी झाली असेल तरीही अनेकदा ते गप्पच राहते. निर्दोष माणसाजवळून जाताना पाळलेले मौन आणि मेलेल्या यंत्राचे मौन कानाला सारखेच वाटते. खरा धोका आहे तो येथेच.

यंत्राचे कार्य थोडक्यात असे आहे. कॉइलमधून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. ते दुसरी कॉइल, किंवा काही यंत्रांत तीच कॉइल, टिपते आणि यंत्र आवाज देते. यावरून हेही उघड होते की यंत्राला केवळ धातू कळतो. गोटमारीतला गोटा, गोफणीची दोरी, लाकडी दंडुका किंवा स्फोटक द्रव्य यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. म्हणून यंत्र हे दक्ष माणसाच्या डोळ्यांना साहाय्यक आहे. त्या डोळ्यांची जागा ते घेऊ शकत नाही.

हे साधन किती नाजूक आहे, याचा धडा जगाला १८८१ सालीच मिळाला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरात रुतून बसलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी कॉइलवर चालणारे उपकरण बनवले. चाचणीत ते यशस्वी ठरले होते. रुग्णशय्येवर मात्र गोळीचा ठाव लागला नाही. डॉक्टरांनी शोध शरीराच्या एकाच बाजूस मर्यादित ठेवला होता आणि बिछान्यातील पोलादी तारांनीही उपकरणाला चकवले होते. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांचे निधन झाले. उपकरण चांगले असूनही भोवतालच्या लोखंडाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे या घटनेवरून ध्यानी येते. लोखंडी फाटक, दुकानाचे शटर, विजेची मोठी केबल किंवा चालता पंखा यांच्या लगत तपासणीची चौकट उभी करू नये, असे जाणकार सांगतात ते याच कारणासाठी.

आता प्रत्यक्ष झिजेकडे वळू. कॉइल म्हणजे इनॅमलचा लेप चढवलेल्या तांब्याच्या बारीक तारेचे अनेक वेढे. हे वेढे प्लास्टिकच्या कवचात बसवून बहुधा इपॉक्सीने पक्के केलेले असतात. तेथून एक केबल निघून यंत्राच्या पेटीला जोडलेली असते. बिघाडाचा आरंभ पुष्कळदा वेढ्यांत न होता या केबलमध्ये होतो. केबल जेथे कवचात शिरते व जेथे प्लगला मिळते, तेथे ती वारंवार वाकते. बाहेरील वेष्टण शाबूत दिसते, परंतु आतील तार तुटलेली असते. असे यंत्र हलवले की कधी बोलते, कधी गप्प बसते. ‘हलवून पाहिले, चालू झाले’ असे म्हणून ते पुन्हा कामाला लावणे ही मोठी चूक होय.

दुसरे कारण आदळआपट. पहारेकरी हातातील यंत्राचा उपयोग कधी काठीसारखा करतो, टेबलावर आपटतो, मोटारीत फेकतो. त्यामुळे कवचाला केसासारखी बारीक चीर पडते किंवा आतील वेढे सुटे होतात. वेढे सुटे झाले की नुसत्या धक्क्यानेही यंत्र ओरडू लागते. खोट्या ओरडण्याला कंटाळलेला कर्मचारी मग संवेदनक्षमतेचे बटण कमी करतो, अथवा त्या आवाजाकडे लक्ष देणेच सोडून देतो. बिघडलेली कॉइल अशा रीतीने माणसाची दक्षताही बिघडवते.

तिसरा शत्रू पाणी आणि चौथा ऊन. गोटमार ऐन पावसाळ्यात येते. कवचाच्या चिरेतून ओल आत शिरली की यंत्राचा समतोल ढळतो आणि ते कारणाविना आवाज देते किंवा मंद होते. प्लगमध्ये ओल राहिली तर पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो. उलट हनुमान जयंतीच्या सुमारास चैत्राचे ऊन तापलेले असते. बंद जीपमध्ये दुपारभर पडून राहिलेले यंत्र बाहेरच्या हवेपेक्षाही अधिक तापते. प्लास्टिक वाकते, जोड सैल होतात आणि दोन कॉइलमधील बारकाईने साधलेले अंतर बदलते.

जमीन तपासणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत या प्रदेशाची मातीही विचारात घ्यावी लागते. पांढुर्ण्याच्या बाजूची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात लोहयुक्त चुंबकीय कण असतात. सौंसरच्या बाजूस तर मँगनीजचे साठे आहेत. भूगर्भशास्त्रात येथील प्राचीन खडकांच्या समूहाला सौंसरचेच नाव मिळाले आहे. अशा भूमीवर यंत्र खोटे संकेत देऊ शकते. म्हणून ज्या यंत्रात जमिनीशी जुळवून घेण्याची सोय आहे, ते काम सुरू करण्यापूर्वी त्याच जागेवर जुळवून घ्यावे. चकतीखालच्या संरक्षक झाकणात माती साचली तर तीही गोंधळ करते. काम संपताच झाकण काढून माती पुसावी, कवच कोरडे करावे, मगच झाकण बसवावे.

निगा राखण्याचे नियम खर्चाचे नाहीत, सवयीचे आहेत. केबल दांड्याला नीट गुंडाळून बांधावी, लोंबू देऊ नये आणि प्लग काढताना केबल धरून ओढू नये. चकतीचा प्लास्टिकचा बोल्ट हरवला तर त्या जागी लोखंडी बोल्ट बसवू नये; यंत्र त्यालाच शत्रू समजेल. कवचाला धातूची भुकटी असलेला रंग लावू नये. भिजलेले यंत्र कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. जत्रा संपल्यावर बॅटऱ्या काढून ठेवाव्यात, कारण त्या पाझरल्या की पेटीतील जोड खातात. बंद कवच फोडून कॉइल दुरुस्त करण्याचा खटाटोप करू नये. नवी कॉइल घ्यावयाची तर त्याच बनावटीची घ्यावी. कॉइल आणि पेटी यांची जोडी जुळलेली असते.

सर्वांत महत्त्वाचा नियम चाचणीचा आहे. पहारा सुरू होण्यापूर्वी ठरलेली धातूची एक वस्तू ठरलेल्या अंतरावरून यंत्रासमोर न्यावी. चौकट असेल तर ती वस्तू डोके, कंबर आणि घोटा अशा तिन्ही उंचींवरून न्यावी. चौकटीतील एकच कॉइल निकामी झाली असेल तर एकच उंची आंधळी होते. चाचणी घेताना केबल हळूच हलवावी आणि कवचावर बोटाने टिचकी मारावी. आवाज मिळाला, तुटला किंवा विनाकारण झाला, जे घडले ते वेळेसह नोंदवहीत लिहावे. पहारा बदलताना पुन्हा तेच करावे. या कामाला दोन मिनिटे लागतात. चाचणीत नापास झालेले यंत्र तत्काळ बाजूला काढावे आणि दुसरे येईपर्यंत हाताने झडती घ्यावी. रांग लांबली म्हणून अधिकाऱ्यांनी रागावू नये. मुके यंत्र रांग भराभर पुढे नेते, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

शिक्षकांना ही गोष्ट वर्गात सहज दाखवता येईल. इनॅमल चढवलेल्या तारेचे तीस-चाळीस वेढे घ्यावेत, तारेची टोके खरवडून ती एका सेलला क्षणभर जोडावीत आणि जवळ होकायंत्र ठेवावे. सुई वळते. मग सेलला जोडणारी वायर एकाच जागी वारंवार वाकवून तिच्या वेष्टणाच्या आतील तार तोडावी. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. सुई मात्र हलत नाही. जे वरून धड दिसते ते आतून धड असेलच असे नाही, हा विज्ञानाचा पाठ मुलांच्या मनावर कायमचा ठसेल.

ग्रामस्थांनीही तपासणीत अपमान मानू नये. किल्ल्या, नाणी, अडकित्ता, चुन्याची डबी आधीच काढून हातात धरली तर रांग थांबत नाही, पहारेकऱ्याचेही लक्ष विचलित होत नाही. आणि चाचणीसाठी रांग दोन मिनिटे थांबवली गेली, तर तो वेळ आपल्याच लेकराबाळांच्या सुरक्षिततेसाठी खर्च होत आहे, असे समजावे.

यंत्र विकत घेतले म्हणजे सुरक्षितता विकत घेतली, असे होत नाही. बैलाला पोळ्याच्या दिवशी सजवतो, पण वैरण वर्षभर घालतो. यंत्राचीही तीच रीत आहे. ज्या ठाण्यात, ज्या देवस्थानात चाचणीची नोंदवही रोज भरली जाईल, तेथील यंत्राच्या मौनावर जनतेला विश्वास ठेवता येईल.