तात्पुरता ताबा : निकाल नव्हे, व्यवस्था

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी : आईबापांचा विवाह झालेला नाहीं, पुढें एकत्र राहणेंही संपलें, आई सांताक्रूझच्या पूर्वेस वाकोल्याला राहते व बाप रेल्वेच्या पश्चिमेस. चार वर्षांच्या मुलानें कोणाजवळ राहावें, हा वाद आहे. त्याचा शेवट होण्यास कदाचित् वर्षें लागतील. पण मुलानें आज रात्रीं कोठें निजावयाचें, हें आजच ठरलें पाहिजे. तात्पुरत्या ताब्याचा हुकूम या निकडींतून जन्मास येतो.

विवाहित हिंदु जोडप्यास घटस्फोटादि दाव्यांतच असा हुकूम मागतां येतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या २६ व्या कलमांत तशी तरतूद आहे. अविवाहितांस तें दार बंद आहे. त्यांच्या उपयोगी पडतो तो १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्याच्या १२ व्या कलमान्वयें, मूल हजर करण्यास फर्मावून, त्याच्या तात्पुरत्या ताब्याची व संरक्षणाची व्यवस्था न्यायालयास लावतां येते. सांताक्रूझकरांस त्यासाठीं वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मग हक्क कोणाचा मोठा? हिंदूंपुरतें बोलावयाचें तर, १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें अनौरस मुलाचें नैसर्गिक पालकत्व प्रथम आईस व तिच्या पश्चात् बापास दिलें आहे. २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या प्रकरणांत, बापास नोटीस न देतांही तिच्या पालकत्वाच्या अर्जाचा विचार व्हावा, असा निर्णय दिला. परंतु यावरून बाप परका ठरला, असें समजणें चुकीचें होय. १९५६ च्याच कायद्याचें १३ वें कलम मुलाच्या हितास सर्वांच्या वर बसवितें. बापानें संगोपन केलें असेल, मुलास त्याचा लळा असेल, तर भेटीचा मार्ग त्याला मोकळा राहूं शकतो.

खरी मेख पुढेंच आहे. मोठ्यांचे सहा महिने आणि चार वर्षांच्या मुलाचे सहा महिने सारखे नव्हत. तेवढ्यांत त्याची शाळा ठरते, शेजार ठरतो, झोंपतांना कोणाचा हात शोधावयाचा तेंही ठरतें. मूळ अर्ज सुनावणीस आला म्हणजे, ही बसलेली घडी मोडावी काय, असा प्रश्न न्यायाधीशापुढें उभा राहतो. तात्पुरता हुकूम अशा रीतीनें मूळ धरतो. हें जाणून कांहीं आईबाप पहिल्याच दिवशीं मूल उचलून नेतात. आणि मुलाच्या हिताचा पहिला घात तेथेंच होतो.

म्हणून अर्जांत "मूल मला द्यावें" एवढेंच लिहूं नये. भेटीचे वार व वेळा, मुलास कोणीं कोठें आणून सोडावयाचें, पावसांत मिलन सबवे तुंबला तर काय करावयाचें, ताप आल्यास कोणीं कळवावयाचें, शाळेचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें सारें स्पष्ट मागावें. न्यायालयांतील समुपदेशकांच्या साहाय्यानें तें समजुतीनें ठरलें तर अधिक बरें. परिस्थिति पालटल्यास हुकूमही पालटून मागतां येतो.

तात्पुरता हुकूम म्हणजे कोणा एकाचा जय नव्हे. वाद चालू असतां मुलाचें जेवण, शाळा आणि झोंप चुकूं नये, एवढ्याचसाठीं ती व्यवस्था आहे. आईबापांनीं ती तशीच वापरली, तर पुढचा निकाल कोणाच्याही बाजूचा लागो, मुलाचें फारसें बिघडत नाहीं.