एकसूर : दोष की गुण ?

एखाद्या वक्त्याचे भाषण 'एकसुरी' झाले असे म्हटले म्हणजे ती स्तुती नव्हे, हे सांगावयास नको. परंतु ज्या इंग्रजी शब्दाबद्दल आपण 'एकसुरी' म्हणतो, तो 'मोनोटोन' शब्द गणितज्ञाच्या अथवा संगणकशास्त्रज्ञाच्या तोंडी आला, म्हणजे तो गुणवाचक ठरतो. एकाच शब्दाचे असे दोन भाव का व्हावेत, याचा उलगडा नाशिककरांस गोदावरीच्या काठीच होण्यासारखा आहे.

प्रथम वाणीचा विचार करू. 'पाणी आले' हे दोनच शब्द. अखेरीस सूर उतरला तर ती वार्ता. चढला तर तो प्रश्न. आणि तेच उंच स्वरात, घाईने उच्चारले तर तो धोक्याचा इशारा. अक्षरे तीच, अर्थ मात्र सुरात. पावसाळ्यात नदीकाठच्या दुकानदारास हे तिन्ही प्रकार एकाच सुरात ऐकू आले, तर माल हलवावा की न हलवावा, हे त्याने कशावरून ठरवावे ? वाणीतील एकसूर हा दोष होय तो याचसाठी.

तथापि आपल्या पूर्वजांनी एकसुरासही स्थान दिले होते. वेदपठणात उदात्त, अनुदात्त व स्वरित हे तीन स्वर कसोशीने पाळले जातात. पाणिनीने मात्र दूरच्या माणसास हाक मारताना, त्याचप्रमाणे काही अपवाद वगळून यज्ञकर्मातही, 'एकश्रुती' सांगितली आहे. म्हणजे तिन्ही स्वरांचा भेद न राखता केलेला उच्चार. अर्थात एकसूर हे नेहमीच अनास्थेचे लक्षण नव्हे. प्रसंगी तो नियमही असतो.

आता गणिताकडे वळू. ग्रीक भाषेत 'मोनोस' म्हणजे एकटा, आणि 'टोनोस' म्हणजे ताण. तारेच्या ताणावरून सूर. गणिताने यातील एकपणा ठेवला, परंतु सुराच्या जागी दिशा घेतली. २, ५, ५, ९ ही मालिका मोनोटोन होय, कारण ती कोठेही मागे फिरत नाही. २, ५, ४, ९ ही तशी नव्हे. पाचावरून ती चारावर उतरली. सतत चढत जाणाऱ्या स्वरास गवई एकसुरी म्हणणार नाही. गणिती मात्र त्यास मोनोटोनच म्हणेल.

रामकुंडाजवळील दुतोंड्या मारुती ही नाशिकची पूर मोजण्याची लोकमान्य खूण. १९६९, २००८, २०१६ व २०१९ साली गोदेस मोठे पूर आले. पाणी मारुतीच्या गुडघ्यास लागले, कमरेस लागले, छातीस लागले, यावरून गावात पुराचा अंदाज बांधतात. इतर ओढ्यानाल्यांचे पाणी तेवढेच असेल, तर गंगापूर धरणातून जितका विसर्ग अधिक, तितकी नदीची पातळी वर. हा संबंध मोनोटोन आहे. ज्या विसर्गाने पाणी कमरेपर्यंत आले, त्याहून अधिक विसर्गाने ते कमरेखाली राहणार नाही, एवढी खात्री कोणताही हिशेब न करता मिळते. परंतु तेच पाणी तासातासाने पाहिले तर ते चढते, उतरते, पुन्हा चढते. येथे मोनोटोन संबंध नाही. म्हणूनच पाणी थोडे ओसरले एवढ्यावरून संकट टळले असे मानून कोणी घाटावर उतरू नये.

संगणकाचे पुष्कळसे काम या मागे न फिरण्याच्या खात्रीवर चालते. अक्षरक्रमाने लावलेल्या १,००० शब्दांच्या यादीतून एक शब्द हुडकावयाचा असल्यास तो मधला शब्द पाहतो, नको असलेली निम्मी यादी सोडून देतो, आणि असे करीत फार तर १० तपासण्यांत निकाल लावतो. क्रम एके ठिकाणी जरी उलटला, तरी हा शोध फसू शकतो. तसेच भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दुरुस्तीसाठी मागे सारता येतात. म्हणून एखाद्या कामास किती वेळ लागला हे मोजण्यासाठी संगणकात कधीही मागे न जाणारे निराळे घड्याळ असते. त्यासही मोनोटोन घड्याळ असेच म्हणतात.

सारांश, मापनात पुढचे अनुमान करावयाचे असते. तेथे एकच दिशा राखणे हा गुण होय. बोलण्यात ऐकणाऱ्यास कोणती गोष्ट महत्त्वाची हे उमजावे लागते. तेथे चढउतार आवश्यक. पाणी मोजण्याच्या पट्टीवरील आकडे एकाच दिशेने चढणारे असावेत. पाणी वाढल्याचे सांगणारा आवाज मात्र एकसुरी असू नये.